एका काचेला दोन स्विच: प्रत्येक वेळी फ्यूज का उडतो?

खानापूरचा जीपवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे १९९६ सालची महिंद्रा एमएम ५४० आहे. तिचा कापडी टप जाऊन पत्र्याचा टप आणि काचांचे दरवाजे आले, त्याला आता तीन वर्षे झाली. गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या भंगार बाजारातून अपघातातल्या एका छोट्या गाडीच्या काच वर-खाली करणाऱ्या दोन मशीन मोटरसकट आणल्या आणि बेळगावातच दोन्ही दरवाजांत बसवून घेतल्या. मशीन उत्तम बसल्या आहेत. अडचण आहे ती स्विचची.

उजव्या काचेला एकच स्विच आहे आणि तो व्यवस्थित चालतो. डाव्या काचेला मात्र दोन स्विच हवे आहेत, एक मधल्या कन्सोलवर माझ्या हाताशी आणि दुसरा डाव्या दरवाजावर. दरवाजावर मूळ गाडीचाच पाच पिनांचा स्विच आहे. कन्सोलवर तो मापात बसत नव्हता, म्हणून तिथे दुसऱ्या एका नव्या गाडीचा अरुंद स्विच लावला आहे. त्याला चारच पिना आहेत. दोन्ही स्विच वेगवेगळे जोडले की काच वर-खाली होते. दोन्हींच्या मोटरकडच्या वायरी एकत्र जोडल्या की कोणताही स्विच दाबताच २० अँपिअरचा फ्यूज उडतो.

ज्या गॅरेजमध्ये हे काम चालले आहे, तिथल्या मुलाने २० काढून ३० चा फ्यूज घातला. तो फ्यूज लगेच उडाला नाही, पण दोन-तीन सेकंदांत जळका वास आला आणि डॅशबोर्डखालची लाल वायर इतकी मऊ झाली, की तिच्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला. तो ठसा आजही तसाच आहे. मी बॅटरीची वायर काढून ठेवली आहे. चूक मोटरीत आहे, स्विचमध्ये आहे की जोडणीत आहे, हे कृपया सांगावे.

जुना वायरमन

जीपवाले, चूक जोडणीत आहे. मोटर निर्दोष आहे.

या मोटरीला दोनच वायरी असतात. एका वायरीला प्लस आणि दुसरीला अर्थ (म्हणजे बॉडीमार्गे बॅटरीचा मायनस) दिला की काच वर जाते, उलट दिले की खाली येते. आता असे बघा, की आपण स्विचला हात लावलेला नसतो तेव्हा तो काय करत असतो. घरातला दिव्याचा स्विच बंद असला म्हणजे वायर तुटलेली असते, आणि आपल्याला वाटते की गाडीतही तसेच असेल. तसे नसते. काचेचा हा स्विच विश्रांतीत असताना मोटरीच्या दोन्ही वायरी अर्थला धरून ठेवतो. बटण दाबले की दोहोंपैकी एक वायर अर्थ सोडून प्लसवर जाते, दुसरी आहे तिथेच अर्थवर राहते आणि मोटर फिरते. दोन्ही वायरी अर्थवर ठेवण्याचा आणखी एक फायदा म्हणजे बटण सोडताच मोटरीला ब्रेक लागतो आणि काच जागच्या जागी थांबते.

तुम्ही असे दोन स्विच शेजारी शेजारी जोडलेत. कन्सोलच्या स्विचने 'वर'च्या वायरीला प्लस दिला. त्याच क्षणी दरवाजावरचा स्विच, ज्याला कोणी हातही लावलेला नाही, त्याच वायरीला अर्थवर धरून बसला आहे. बॅटरीचा प्लस मोटरीपर्यंत न जाता एका स्विचमधून दुसऱ्या स्विचमार्गे सरळ बॉडीला जातो. फ्यूजने आपले काम चोख केले. ३० चा घालणाऱ्याने ते करू दिले नाही. फ्यूज मोटरीच्या मापाने घालत नाहीत, वायरीच्या मापाने घालतात.

तिसरे गेट

काकांचे म्हणणे मीटरवर पडताळून पाहता येईल. स्विच गाडीतून काढा, मीटर बझरवर ठेवा (दोन पिना आतून जोडलेल्या असल्या की तो वाजतो) आणि बटण न दाबता पिना दोन-दोन करून तपासा. पाच पिनांच्या स्विचमध्ये बहुधा दोन जोड्या वाजतील आणि एक पिन एकटी उरेल. एकटी उरलेली पिन म्हणजे प्लस. प्रत्येक जोडीत एक पिन मोटरीची आणि एक अर्थची असते. आता 'वर' दाबून धरा. एका जोडीतली जी पिन एकट्या पिनेशी वाजू लागेल, ती मोटरीची. तिची जोडीदार पिन अर्थची. 'खाली' दाबून दुसरी जोडी तशीच ओळखा.

चार पिनांच्या स्विचमध्ये तीन पिना एकमेकींशी वाजतील, कारण दोन्ही बाजूंचा अर्थ आत एकाच पट्टीवर आणलेला असतो. हा फरक लिहून ठेवा, पुढे त्याची गरज पडेल.

निपाणीकर

एवढा खटाटोप कशासाठी? हार्डवेअरच्या दुकानात सहा पिनांचे टॉगल मिळते, मध्ये बंद आणि दोन्हीकडे दाबून सोडायचे. मागच्या पिना फुलीसारख्या जोडल्या की झाले. माझ्या ट्रॉलीच्या हायड्रॉलिक पंपाला असेच टॉगल आहे. दोन टॉगल शेजारी जोडले तरी फ्यूज जाणार नाही, कारण ते विश्रांतीत मोकळे असतात.

जुना वायरमन

निपाणीकर, एकटे टॉगल चालेल, हे मान्य. दोन शेजारी जोडले आणि आपण 'वर' दाबत असताना शेजारच्याने 'खाली' दाबले, की पुन्हा प्लस आणि अर्थ समोरासमोर येतात. लहान मूल मांडीवर असेल तर हे पहिल्याच दिवशी घडते.

दुसरे म्हणजे त्या टॉगलवर काय छापले आहे ते वाचा. '१५ अँपिअर, २५० व्होल्ट एसी' असे असेल तर तो आकडा आपल्या कामाचा नाही. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून संपर्क सुटताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. डीसीला, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेच्या प्रवाहाला, तो विसावा नाही. काच चौकटीला टेकून मोटर अडते तेव्हा ती चालतानाच्या दुपटी-तिपटीने प्रवाह ओढते, आणि नेमक्या त्या क्षणी आपण बटण सोडतो. डीसीचा आकडा छापलेलेच टॉगल घ्यावे. दाबल्यावर तिथेच अडकून राहणारे टॉगल तर काचेला कधीच लावू नये.

जीपवाले, तुमच्यासाठी कारखान्यातून गाडी जशी येते तशी जोडणी सांगतो. दरवाजावरच्या पाच पिनांच्या स्विचच्या दोन अर्थ पिना बॉडीला जोडू नका. त्या दोन पिनांना कन्सोलच्या स्विचमधून येणाऱ्या मोटरीच्या दोन वायरी द्या. कन्सोलच्या स्विचला त्याचा प्लस आणि त्याचा अर्थ मिळेल. दरवाजाच्या स्विचला फ्यूजमधून स्वतंत्र प्लस मिळेल आणि मोटरीच्या वायरी त्याच्याच मोटर पिनांवर राहतील. दरवाजाचा स्विच विश्रांतीत असताना कन्सोलचा हुकूम त्याच्यातून जसाच्या तसा मोटरीकडे जातो. दरवाजाचे बटण दाबले की एका वायरीला तो स्वतःचा प्लस देतो आणि दुसरी वायर कन्सोलच्या स्विचमधून अर्थ शोधते. दोघांनी उलटसुलट दाबले तर मोटरीच्या दोन्ही टोकांना प्लस मिळतो आणि मोटर नुसती थांबते, फ्यूज शाबूत राहतो. मोटरीकडच्या टोकाला असलेल्या स्विचला मात्र दोन वेगळ्या अर्थ पिना असल्याच पाहिजेत. चार पिनांचा स्विच तिथे चालत नाही. तुमचा पाच पिनांचा स्विच नेमका तिथेच आहे, हे नशीब.

उद्यमबाग

काकांच्या जोडणीत चूक काढण्याची माझी योग्यता नाही, पण त्यांना वायरीवरून जे दिसते ते मला स्विचच्या आत पाहायचे आहे. जीपवाले, कन्सोलचा तो अरुंद स्विच उघडून पाहा. अलीकडच्या अनेक गाड्यांत काचेचा स्विच मोटरीला थेट वीज देतच नाही. तो फक्त एका नियंत्रकाला इशारा देतो आणि वीज नियंत्रक देतो. अशा स्विचचे संपर्क काही मिलिअँपिअरसाठी केलेले असतात. मीटरवर ते बरोबर वाजतात, मोटरही दोन-चार दिवस फिरवतात आणि मग चिकटतात. काही स्विचमध्ये तर आत वेगवेगळे रेझिस्टर असतात किंवा छोटी चिप असते. ते बझरवर वाजतही नाहीत, आणि काचेच्या मोटरीच्या कामाला येत नाहीत.

खानापूरचा जीपवाला

काल रात्री उघडला. आतला संपर्क मोहरीच्या दाण्याएवढा आहे आणि त्यातला एक काळा पडून एका बाजूला ओघळला आहे. म्हणजे ३० च्या फ्यूजचा प्रसाद त्यालाही मिळाला. दुसरी बाजू साफ आहे. भंगारवाल्याकडे असे आणखी दोन स्विच आहेत, त्यामुळे स्विच बदलता येईल. पण मग त्याच्यातून मोटरीचा भार न्यावा का?

उद्यमबाग

नेऊ नये. तिथे रिले घाला. रिले म्हणजे आतल्या कॉइलला (तारेच्या वेटोळ्याला) बारीक प्रवाह दिला की मोठ्या प्रवाहाचा संपर्क बदलणारा स्विच. डाव्या काचेला दोन रिले लागतील.

रिलेच्या पिनांचे आकडे सगळीकडे सारखेच असतात. ३० म्हणजे सामाईक पाय, तो मोटरीच्या एका वायरीला. ८७अ विश्रांतीत ३० ला जोडलेला असतो, तो अर्थला. ८७ ला फ्यूजमधून आलेला जाड प्लस. ८५ आणि ८६ या कॉइलच्या पिना, त्यातली एक अर्थला आणि दुसरी स्विचकडे. दुसरा रिले तसाच, त्याचा ३० मोटरीच्या दुसऱ्या वायरीला. काकांनी सांगितलेले विश्रांतीतले अर्थ धरणे आता रिले करतील. स्विचला फक्त कॉइल ओढायची आहे आणि तिला साधारण दीडशे मिलिअँपिअर पुरतात. दोन्ही कॉइल एकदम ओढल्या गेल्या तर मोटरीच्या दोन्ही टोकांना प्लस जातो आणि काच थांबते, शॉर्ट होत नाही.

दुकानात एक फसगत होते, ती आधीच सांगतो. पाच पिनांचे रिले दोन प्रकारचे मिळतात. एकात मधली पिन ८७अ असते, दुसऱ्यात दोन्ही पिना ८७च असतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि काउंटरवरचा माणूस जो हाताला लागेल तो देतो. दुसऱ्या प्रकारात विश्रांतीत काहीच जोडलेले नसते, त्यामुळे मोटरीला अर्थ मिळत नाही आणि रिले टिक-टिक वाजत राहून काच ढिम्म हलत नाही. विकत घेण्यापूर्वी पिनाजवळचे आकडे वाचा किंवा ३० आणि ८७अ मीटरवर वाजवून घ्या.

प्रत्येक कॉइलवर एक उलटा डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावावा, त्यावरची पट्टी प्लसकडे. कॉइल सुटताना मागे येणारा झटका त्यात जिरतो आणि मोहरीएवढे संपर्क टिकतात.

निपाणीकर

थोडे विषयांतर करतो. माझी गाडी केए २३ आहे आणि कोगनोळी ओलांडून आठवड्यातून दोनदा कागलला जावे लागते, म्हणून विचारतो. अशा बदलाला आरटीओची हरकत असते का?

तिसरे गेट

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले आहे. टप आणि बॉडीचा प्रकार बदलण्याचा प्रश्न त्यात येतो, त्यामुळे ती नोंद करून घ्यावी. काच हाताने फिरते की मोटरीने, हा रकाना आरसीत नसतो. बाकी चर्चा वेगळ्या धाग्यावर करू.

खानापूरचा जीपवाला

रिले आणले. काउंटरवर मीटर घेऊन गेलो होतो. पहिले दोन खरोखरच दोन ८७ वाले निघाले, ते बदलून घेतले.

उद्यमबागांनी सांगितल्याप्रमाणे जोडणी केली. दोन्ही स्विचच्या अर्थ पिना मोकळ्या सोडल्या, कारण त्या जोडल्या असत्या तर तोच शॉर्ट आता बारीक वायरीत झाला असता, एवढे काकांच्या पहिल्या उत्तरावरून कळले होते. कन्सोलचा स्विच दाबला, काच छान चालली. दरवाजाचा स्विच दाबला, दोन्ही रिले एकदम वाजले आणि काच जागेवरून हलली नाही. 'वर' दाबा की 'खाली' दाबा, तेच. कन्सोलच्या स्विचचा सॉकेट काढला की दरवाजाचा स्विच नीट चालतो. आता हे काय?

तिसरे गेट

मी लिहून ठेवायला सांगितलेला फरक हाच. चार पिनांच्या स्विचमध्ये दोन्ही बाजूंचा अर्थ आत एका पट्टीवर आहे. तुम्ही अर्थाची पिन मोकळी सोडलीत तरी 'वर' आणि 'खाली' या दोन्ही पिना विश्रांतीत त्या पट्टीमार्फत एकमेकींना चिकटलेल्याच आहेत. दरवाजाच्या स्विचने 'वर'ला प्लस दिला, तो कन्सोलच्या स्विचच्या पट्टीवरून फिरून 'खाली'लाही पोहोचला आणि दोन्ही कॉइल ओढल्या गेल्या. पाच पिनांच्या स्विचमध्ये पट्ट्या वेगळ्या असल्यामुळे उलट दिशेने हे होत नाही.

उद्यमबाग

माझ्याकडून हे सांगायचे राहिले, त्याबद्दल क्षमस्व. दोन्ही स्विचमधून निघणाऱ्या चारही वायरींत एकेक १एन४००७ डायोड घाला, पट्टी रिलेकडे. मग कोणत्याही स्विचमधून प्लस बाहेर जाईल, पण दुसऱ्याच्या प्लसला आत शिरता येणार नाही. डायोडमध्ये सुमारे पाऊण व्होल्ट पडतो, कॉइलला त्याने फरक पडत नाही. हे डायोड एक अँपिअरचे आहेत आणि कॉइलला त्याच्या पाचव्या हिश्शाइतकाही प्रवाह लागत नाही. सोल्डर करून वर हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. नुसत्या पिळ्यावर टेप गुंडाळून ठेवू नका, जांबोटीच्या रस्त्यावर तो पिळा आठवडाभर टिकणार नाही.

चोर्ला घाट

जांबोटीचे नाव निघाले म्हणून लिहितो. मी कणकुंबी परिसरात राहतो आणि इथल्या पावसात दरवाजाच्या आत पाणी जाणारच, ते अडवण्याच्या नादी लागू नये. काचेच्या रबराखालून ते आत येते आणि तळाच्या भोकांतून बाहेर जायला हवे. ती भोके पत्र्याचा दरवाजा बनवणारे पुष्कळदा पाडतच नाहीत, किंवा रंगकामात बुजवतात. आधी ती तपासा.

रिले दरवाजात ठेवू नका, डॅशबोर्डखाली ठेवा, आणि पिना खालच्या बाजूला येतील असे बसवा. दरवाजातून आत येणाऱ्या वायरी बिजागरीजवळच्या भोकातून रबरी नळीत घाला आणि भोकाच्या अलीकडे त्यांना खाली झोल द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी टपकेल, आत येणार नाही. माझ्या गाडीत झोल नव्हता. एका आषाढात पाणी वायरीच्या कडेने चालत थेट फ्यूजच्या डब्यात उतरले होते.

खानापूरचा जीपवाला

डायोड घातले, दोन्ही स्विच चालू झाले. दरवाजाच्या तळाला भोके नव्हतीच, दोन्हीकडे तीन-तीन पाडून घेतली.

आता शेवटची तक्रार. डावी काच वर जायला अकरा सेकंद घेते आणि उजवी पाच. मशीन अदलाबदल करून पाहण्यापूर्वी विचारावे म्हटले. वायर १.५ चौरस मिलिमीटरची आहे.

जुना वायरमन

मशीन खोलण्यापूर्वी व्होल्ट मोजा. तांब्याच्या १.५ च्या वायरीला मीटरमागे साधारण बारा मिलिओहम रोध असतो. तुमचे जाऊन-येऊन अंतर आठ मीटर धरले तर एकूण एक दशांश ओहमच्या आसपास येतो. काच वर जाताना मोटरीने आठ अँपिअर घेतले तर वायरीत पाऊण व्होल्टच्या थोडे वर खर्च होतो. २.५ ची वायर घातली तर तो अर्ध्या व्होल्टच्या आत येतो. वायर बदलावीच, पण एवढ्याने पाचाचे अकरा सेकंद होत नाहीत.

इंजिन चालू ठेवून, काच वर जात असताना, मीटरची एक काडी बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी रिलेच्या ८७अ वर धरा. तिथे जवळपास शून्य दिसायला हवे.

खानापूरचा जीपवाला

२.१ व्होल्ट दिसतात.

जुना वायरमन

मग चोर सापडला. अर्थचा लग (वायरीच्या टोकाची बोल्टखाली बसणारी कडी) कुठे कसला आहे?

खानापूरचा जीपवाला

टपाचा पत्रा जिथे मूळ बॉडीला बोल्टने बसवला आहे, त्यातल्याच एका बोल्टला. तो सोडवून पाहिला. लगाखाली रंगाचा जाड थर होता, आणि टप व बॉडी यांच्यामध्ये गॅरेजवाल्याने पाणी येऊ नये म्हणून रबराची पट्टी घातली आहे. म्हणजे माझा अर्थ केवळ बोल्टच्या आट्यांतून जात होता. आता डॅशबोर्डखाली मूळ बॉडीवर रंग खरवडून, चकचकीत पत्र्यावर दातेरी वॉशर घालून लग कसला आणि वर ग्रीस लावले. त्याच लगापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची वेगळी वायरही नेली. मोटरीकडच्या आणि प्लसच्या वायरी २.५ च्या केल्या, फ्यूज २० चाच ठेवला. ८७अ वर आता ०.१ व्होल्ट येतात आणि डावी काच साडेपाच सेकंदांत वर जाते. उरलेला अर्धा सेकंद काचेच्या नव्या रबराचा असावा, डावीकडचे रबर उशिरा बसवले आहे.

कॉइलचा प्लस मी चावी फिरवल्यावरच मिळेल असा घेतला आहे, आणि दरवाजाच्या स्विचकडे जाणाऱ्या प्लसमध्ये एक छोटा बंद-चालू स्विच डॅशबोर्डखाली लपवला आहे, म्हणजे लहान मुले डावीकडे बसली की दरवाजाच्या स्विचची वीज तोडता येते. सगळ्या जोडणीचे रेखाचित्र फ्यूजच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवले आहे. उजव्या काचेलाही आता रिले घालावेत का, एवढेच सांगा.

जुना वायरमन

घालू नका. उजवीकडे एकच स्विच आहे, तो मूळ गाडीचा पाच पिनांचा आहे आणि मोटरीचा भार नेण्यासाठीच बनलेला आहे. तिचा अर्थ मात्र कुठल्या बोल्टला कसला आहे ते आज पाहून घ्या, आणि तोही टपाच्याच बोल्टला असेल तर नव्या लगावर आणा. अंगठ्याचा ठसा उमटलेली ती लाल वायर अजून गाडीत असेल तर तीही पूर्ण काढा. तिचे प्लॅस्टिक एकदा मऊ होऊन गेले आहे, पत्र्याच्या कडेला घासले तर तिथूनच फाटेल.

खानापूरचा जीपवाला

उजवीचा अर्थ मूळ बॉडीलाच निघाला. लाल वायर काढली.